लेबेदिंकाचे बगळे

२ एप्रिल

सावेली माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे आणि लेबेदिंका तलावातला बोरू, छपरं शाकारायचं उंच पाणगवत, कापायचा परवाना त्यानेच मागितला आहे. त्या बोरूत जांभळ्या बगळ्यांची वसाहत आहे की नाही, हे पाहून कळवण्याचं काम शहरातल्या कार्यालयाने माझ्यावर टाकलं आहे. गावात निरीक्षकाचं ओळखपत्र असलेली मी एकटीच. उद्या कोणी म्हणेल, मावशीने भाच्याची सोय पाहिली. म्हणून रोज काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं, ते इथे लिहून ठेवणार आहे. कार्यालयाच्या तक्त्यात फक्त आकडे मावतात.

प्रश्न सरळ आहे. जांभळा बगळा जुन्या, न कापलेल्या बोरूत घरटं करतो. वसाहत असेल तर लेबेदिंकाचा पट्टा उभा राहील. नसेल तर येत्या हिवाळ्यात सावेलीचं यंत्र आत जाईल. राखी बगळ्यासाठी कोणी बोरू राखत नाही. तो वाळुंजाच्या झाडांवर राहतो आणि इथे पैशाला पासरी आहे. म्हणजे सगळं या दोन पक्ष्यांतल्या फरकावर येऊन थांबतं. तो फरक, म्हणजे जांभळ्याची लालसर मान, तिची खोल लोंबणारी घडी आणि लांब बोटं, मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवला आहे.

६ एप्रिल

मोजणीची वेळ पहाटे पाच ते आठ, असं सूचनेत आहे. जुन्या पंपघराच्या छपरावर दुर्बीण लावली. सव्वासहाला दोन बगळे आले आणि बोरूच्या आतल्या भागात उतरले. समोरून सूर्य. दोन्ही नुसते काळे आकार. मानेची घडी किती खाली लोंबते ते नीट कळलं नाही. नोंद: राखी, प्रश्नचिन्ह.

उतरताना निकिफोर बोट घेऊन जाळ्यांकडे चालला होता. तो माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून मला कूमा म्हणतो. मी त्याला काहीच म्हणत नाही. एकवीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो आणि माझा नवरा त्रोफिम कमरेला एकच दोरी बांधून बर्फावर गेले. त्रोफिम बर्फाखाली गेला, निकिफोर घरी आला. दोरी तुटली म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या बोटीत मी पाय ठेवलेला नाही.

"कूमा, छपरावर चढून काय मोजतेस? चिमण्या?"

"बगळे."

"तिथून नाही दिसायचे. बस, आत नेऊन दाखवतो."

"मला दिसतंय तेवढं पुरे."

"उन्हाकडे तोंड करून कोंबडीसुद्धा काळी दिसते. संध्याकाळी ये. आज दोघं आलेत, लाल मानेचे. पहिली जोडी."

"तू सांगतोस म्हणून लिहू?"

"नको लिहूस. मी लिहीन."

वल्हं मारून निघून गेला. सत्तरी गाठली तरी दाढीत हसायची सवय तशीच आहे.

७ एप्रिल

मोजणी नाही. सकाळपासून घंटा. गावात आज देवदूत मरियेला भेटला तो सण. बाकीच्या देशाचा हा सण तेरा दिवसांपूर्वीच होऊन गेला. आमचं देऊळ जुनं कॅलेंडर सोडत नाही. मी रोज फळ्यावर खरी तारीख लिहायची, पोरं घरी जाऊन भिंतीवरच्या देवळाच्या कॅलेंडरात परत शिरायची. मी त्या देवळात जात नाही, आणि मला त्यावाचून काही अडलेलं नाही.

८ मे

बारा दिवसांच्या मोजणीत सरासरी अकरा बगळे आत जाताना दिसले. कधी चोचीत काडी. दोघांच्या पायांची बोटं मागे फार लांब आणि पसरलेली वाटली, जांभळ्याची असतात तशी. पण बोरूतून उठताना काडी अडकली तरी तसंच दिसतं. वाळुंजावरची राखी वसाहत तिथून अर्ध्या कोसावर आहे. वसाहत वाढली की काही जोड्या बोरूत उतरतात, हे नोंदलेलं आहे. प्रश्नचिन्ह खोडलं.

२ जून

निकिफोर फाटकाशी उभा होता. टोपी हातात, टोपीत कापूस, कापसात निळसर हिरव्या अंड्याचं अर्धं टरफल.

"पाण्यात तरंगत होतं. घरट्याला हात लावला नाही."

मी फूटपट्टी आणली. अर्ध्या टरफलाची लांबी मोजता येत नाही. रुंदी दोन्ही जातींत बसते. रंगही एकच.

"याने काही सिद्ध होत नाही," मी सांगितलं.

"घरटी सतरा आहेत. पाण्यापासून हातभर वर, बोरू वाकवून केलेली. एकही झाडावर नाही. तुझा राखी कधी असा बसतो?"

"कधी कधी बसतो."

"सतरा घरं एकदम कधी कधी?"

"निकिफोर, मला तुझं मत नको. पुरावा दे."

तो टोपी बघत राहिला. मग म्हणाला, "जाळी त्या बोरूत आहेत म्हणून बोलतोय असं वाटतंय का तुला? तो कापला तर मला मासा मिळायचा नाही, खरंच आहे. पण मी उद्या मेलो तरी त्यांना ते रान लागणारच. बोटीत बस, पाऊण तासाचं काम आहे."

मी फाटक लावून घेतलं.

१२ जुलै

पेत्र-पावेलचा सण. गाव धुतलेल्या सदऱ्यांत, कमरेला विणलेले पट्टे. निकिफोर देवळातून थेट इकडे आला. हातात राखाडी पुठ्ठ्याची जाड वही, तेलकट फडक्यात गुंडाळलेली.

"पुरावा मागितलास ना. तीस वर्षांचं आहे यात. मासा, बर्फ, पाणी, पक्षी. यंदाचं शेवटी. काल पोरं उडाली, तेही लिहिलंय."

"तुझी वही माझ्याकडे राहील. कार्यालयाच्या कागदांना जोडावी लागेल."

"राहू दे. वाच."

"यंदाचं वाचीन."

"सगळी वाच," तो म्हणाला. मी पावती लिहून दिली. ती न वाचता त्याने खिशात घातली.

१४ जुलै

वही वाचली. देवळाच्या वळणाचं अक्षर, पण सुवाच्य. लाल मानेचा बगळा, पहिली जोडी: २४ मार्च. पहिलं अंडं: २० एप्रिल. अंडी फुटली: १६ मे. पिल्लं उडाली: २८ जून. प्रत्येक तारखेशेजारी कोणत्या ना कोणत्या संताचं किंवा सणाचं नाव लिहिलेलं आहे. ती नावं उतरवून घेतली नाहीत. मोजणीत त्यांचा उपयोग नाही.

कार्यालयाच्या तक्त्याप्रमाणे जांभळा बगळा आफ्रिकेहून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, अंडी मेमध्ये घालतो. निकिफोरचं सगळं पंधरवडाभर आधी. मार्चमध्ये जांभळा अजून समुद्रापलीकडे असतो. मार्चमध्ये इथे घरटं धरतो तो राखी. निकिफोरच्या स्वतःच्या तारखाच सांगतात की त्याने राखी पाहिला.

शिवाय आणखी एक. ६ एप्रिलला तो मला तोंडावर म्हणाला होता, आज पहिली जोडी आली. माझी त्या दिवशीची नोंद वर आहे. वहीत २४ मार्च. परवा म्हणाला, काल पोरं उडाली, म्हणजे ११ जुलै. वहीत २८ जून. एकतर तेव्हा खोटं बोलला किंवा वहीत खोटं लिहिलं. दोरी तुटली हेही त्यानेच सांगितलं होतं.

चारही तारखांना लाल शाईने अधोरेखा मारली आणि समासात चूक अशी खूण केली. हाताची सवय. मागची वर्षं वाचण्यात वेळ घालवला नाही.

३ ऑगस्ट

सावेली छपरासाठी बोरूच्या चाळीस पेंढ्या गाडीत घालून घेऊन आला.

"मावशी, उत्तरेकडून गळतंय तुमचं. दोन दिवसांत शाकारून देतो."

"परत ने."

"का? दरवर्षी देतो."

"दरवर्षी तुझा अर्ज माझ्या टेबलावर नसतो."

तो पायरीवर बसला. "मी काही मागायला आलो नाही. आत बगळे असतील तर असतील म्हणून लिहा. मी दुसरं रान बघीन. फक्त नक्की काय ते सांगा, यंत्राचं भाडं ठरवायचंय."

"नक्की तेच लिहिणार आहे."

पेंढ्या परत गेल्या. रात्री पाऊस झाला, स्वयंपाकघरात दोन बादल्या लावल्या. ते मला चालतं.

२२ ऑक्टोबर

पंचायतीच्या खोलीत बैठक झाली. कार्यालयातून कोझ्मिना आली होती. हुशार मुलगी, पण सबंध तालुक्याला दोघीच, बोट एक आणि तीही नादुरुस्त. तिने माझा अहवाल वाचला होता.

"बाई, या वहीतल्या नोंदींवर विसंबता येईल का?"

"नाही. तारखा पक्ष्याशी जुळत नाहीत, आणि साक्षीदार मला जे तोंडी बोलला त्याच्याशीही जुळत नाहीत."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंनी नापास केलं रे निकिफोरला. या वयात." लोक हसले. मी हसले नाही.

निकिफोर उठला. त्याने कोझ्मिनाकडे पाहिलंच नाही.

"कूमा, वही सगळी वाचलीस?"

"लागली तेवढी वाचली."

"सगळी नाही?"

"उत्तर दिलं मी."

तो पुढे काही बोलेल असं वाटलं. मग टोपी घातली आणि गेला.

निर्णय: वसाहत सिद्ध नाही. कापणीला परवानगी. वही कोझ्मिना शहरात नेणार होती. पण पुरावा म्हणून ग्राह्य नाही, तेव्हा मूळ मालकाला परत करा असं सांगून माझ्याकडेच ठेवून गेली.

मी कोणाचीही बाजू घेतली नाही. दुकानात मात्र दोन बायका मला पाहून बोलायच्या थांबल्या. सावेलीचं नाव ऐकलं मी.

३० ऑक्टोबर

वही परत द्यायला गेले नाही. त्याने येऊन न्यावी.

१६ जानेवारी

थंडी कडक. फुगीर चाकांचं यंत्र लेबेदिंकात सकाळपासून चालू. पश्चिमेची बाजू उघडी झाली. निकिफोर काठावर येऊन पाहतो आणि जातो, असं सावेली सांगत होता. भांडत नाही. त्याने भांडावं असं सावेलीला वाटतं.

१७ फेब्रुवारी

सावेली आला. आत येईना.

"मावशी, मधला भाग काल कापला. आत घरटी होती. बोरूचेच माचे, पाण्यावर हातभर. मी पंधरापर्यंत मोजली, मग यंत्र बंद करायला सांगितलं. तोवर पलीकडच्या माणसाने उरलेलं उडवलं होतं."

"राखी बगळाही बोरूत..."

"हे एका माच्यात होतं." कागदात गुंडाळलेला एक वाळका पाय. वाढ होता होता मेलेल्या पिल्लाचा.

टेबलावर ठेवून मोजला. राखी बगळ्याचं मधलं बोट पायाच्या नळीपेक्षा चांगलंच आखूड असतं. याचं नळीइतकं लांब. पुन्हा मोजलं. कोवळ्या पायातही हा फरक दिसतो. मी मुलांना चित्र काढून दाखवायची.

"काय आहे?" सावेली दारातून म्हणाला.

"जांभळा."

"मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी," एवढंच म्हणाला. ते खरं आहे.

१९ फेब्रुवारी

त्रोफिमला जाऊन आज बावीस वर्षं झाली.

पक्षी जांभळा होता, तर तारखा पंधरवडाभर आधीच्या कशा, हे दोन दिवस डोक्यात होतं. निकिफोर खोटारडा असेल, तर खोटारडा माणूस पक्षी मात्र खरा कसा सांगतो? तो त्या वर्षी काय लिहून बसला आहे ते बघावं, म्हणून वही काढली. सरळ सांगायचं तर त्याला खोटं लिहिताना पकडायला काढली.

बावीस वर्षांपूर्वीचं पान सापडलं. दोन ओळी.

"६ फेब्रुवारी. त्रोफिम बर्फाखाली गेला. मीही ओढला जात होतो. दोरी तुटली नाही. मी कापली."

आधी तारीखच दिसली. ती चुकीची आहे असं मनात आलं आणि हात लाल पेनाकडे गेला. मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात आहे, १९ फेब्रुवारी. ती तारीख मला कोणी शिकवायला नको. एकोणीसातून सहा गेले, तेरा.

२४ मार्चमध्ये तेरा मिळवले: ६ एप्रिल, तो मला म्हणाला तोच दिवस. २० एप्रिलचा झाला ३ मे. १६ मेचा २९ मे. २८ जूनचा ११ जुलै, आणि शेजारी त्याने लिहिलेलं होतं, पेत्र-पावेलच्या आदल्या दिवशी. कार्यालयाच्या तक्त्याशी एकही तारीख विसंगत राहिली नाही. तो देवळाच्या कॅलेंडराने लिहीत होता. याच गावात जन्मलेल्या कोणालाही ते पाहताक्षणी कळलं असतं. मीही याच गावात जन्मले.

मग दुसरी ओळ वाचली. मग परत वाचली.

हे पान आत आहे हे त्याला माहीत होतं. जुलैत त्याने ही वही मला स्वतःच्या हाताने आणून दिली आणि सगळी वाच म्हणाला. सतरा घरट्यांसाठी.

बावीस वर्षं तो गावाला एकच खोटं सांगत आला. ते मी आजवर खरं धरलं नव्हतं, आणि बाकी खरं होतं ते खोटं धरलं.

२० फेब्रुवारी

पंचायतीतून कोझ्मिनाला फोन केला. सगळं सांगितलं, पान सोडून. ते पक्ष्यांचं नाही.

"किती उरलंय, बाई?"

"काही नाही. मधला भाग कापला त्याच संध्याकाळी उरलेल्या खुंटांना आग लावली."

"मग मी आता काय करू?"

"लिहून घ्या."

६ एप्रिल

संध्याकाळी गेले. वर्षभरापूर्वी जायला हवं होतं त्या वेळी. ऊन पाठीशी. समोर काळं पाणी आणि जळके खुंट.

साडेपाचला तिघं आले. नंतर आणखी चार. अशा उजेडात दुर्बिणीचीही गरज नव्हती: विटकरी मान, तिच्यावर काळी रेघ, मानेची घडी बोटीच्या तळासारखी खोल लोंबलेली, लांबलचक बोटं. उतरायला गेले, पाय खाली सोडले, परत उचलले. सहा घिरट्या मी मोजल्या. एक खुंटांवर टेकला, थोडा वेळ मान ताठ करून उभा राहिला, जसा बोरूत लपायला उभा राहतो तसा. लपायला काही नव्हतं. चारी बाजूंनी दिसत होता. मग तोही उठला. सगळे दक्षिणेला गेले.

निकिफोर आपल्या बोटीत काठाशी होता.

"आत जायचं का?" मी विचारलं.

"आता काय बघायला?" तो म्हणाला. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

९ एप्रिल

कोझ्मिना सकाळच्या बोटीने आली होती. दुपारी मी निकिफोरकडे गेले. तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मी वही जाळ्यावर ठेवली. त्याने उघडली नाही.

"सगळी वाचलीस?"

"सगळी."

सुई चालू राहिली. दोन गाठी झाल्या.

"मग?"

"तारखा बरोबर आहेत," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही, माफी मागितलेलीही नाही. पोच मात्र मागितली.

आज सुपूर्द केलं ते असं.

कार्यालयाकडे, कोझ्मिनाच्या हाती: निरीक्षकाचं ओळखपत्र, एक. दुर्बीण, तिपाईसह, एक. जांभळ्या बगळ्याच्या पिल्लाचा वाळका पाय, कागदात, एक. माझ्या सहीचं निवेदन, पानं दोन: लेबेदिंकात सतरा घरट्यांची वसाहत होती, साक्षीदाराच्या नोंदी अचूक होत्या, निष्कर्षाची चूक सर्वस्वी माझी.

निकिफोरकडे: वही एक, राखाडी पुठ्ठा, फडक्यासह. पानं सगळी जागेवर. शेवटच्या भागात माझ्या लाल खुणा चार. ती शाई निघत नाही.

पोच त्याच्या हातची, या पानाला जोडली आहे: "वही मिळाली. निकिफोर. २७ मार्च."